उतरता आकडा

"घोरपडे सरांच्या बाजूनं सगळं स्वच्छ आहे," बँकेच्या मिरज शाखेचे व्यवस्थापक पाटणकर म्हणाले आणि त्यांनी समोरचा पडदा दोघांकडे वळवला. "अडतंय ते तुमच्यापाशी, मॅडम."

डॉ. उत्तरा मगदूमला आधी वाटलं, साहेबांनी नावांची अदलाबदल केली असावी. गेली पंचवीसएक वर्षं ती मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून काम करत होती. शल्यचिकित्सक प्रताप घोरपडे आणि ती मिळून लहान मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी स्वतःचं छोटं रुग्णालय काढणार होते. जागा घेऊन झाली होती, नकाशा मंजूर होता, कर्जावर नुसत्या सह्या व्हायच्या होत्या. आणि दोघांत उधळ्या कोण म्हणाल तर प्रताप. गाडीचं नवं मॉडेल आलं की याचा जीव वरखाली. पण पडद्यावर त्याचा आकडा आठशेच्या वर, हिरवागार. उत्तराचा सहाशे चाळीस, पिवळा.

"काहीतरी चूक आहे," ती म्हणाली. "माझ्या क्रेडिट कार्डाचं एकही बिल आजवर थकलेलं नाही."

"तेच तर कोडं आहे. बिल थकलं असतं तर मला तुम्हाला कारण तरी सांगता आलं असतं. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही सातशे नव्वदला होता. तेव्हापासून उतरण आहे. थोडी थोडी, पण थांबत नाही."

"उत्तरा, चोरून जुगार-बिगार खेळतेस की काय?" प्रताप हसत म्हणाला.

तीही हसली. पण बाहेर पडताना तिनं फोन काढून तो आकडा पुन्हा पाहिला.

हा आकडा म्हणजे माणसाची पत. पूर्वी तो महिन्या-पंधरा दिवसांनी हलायचा आणि त्याचे नियम कोणालाही समजण्यासारखे होते. कार्डाचं बिल तारखेच्या आत भरता का? बँकेनं लाखाची मर्यादा दिली असेल, तर त्यातली किती वापरता? कारण दर महिन्याला नव्वद हजार उडवणारा पुढं सगळे पैसे चुकते करत असला, तरी त्याची ओढाताण चालली आहे असंच धरलं जाई आणि आकडा घसरे. कार्ड किती जुनं आहे, नव्या कर्जासाठी किती दारं ठोठावली, हेही बघत. शहाणी माणसं मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत खर्च ठेवत, बिल वेळेवर भरत आणि निवांत झोपत.

मग 'तुलामान' नावाची कंपनी आली. आता दुकानात कार्ड यंत्राला टेकवलं की त्या क्षणी त्याची खबर तुलामानच्या संगणकाला जाई. आकडा शेअरच्या भावासारखा दिवसभर हलत राही. तो कशानं हलतो हे कंपनी सांगत नसे. एवढंच म्हणे, की आमचं यंत्र माणूस उद्या कर्ज फेडू शकेल का ते आजच ओळखतं. बँकांना तेच हवं होतं. पुढं घरमालकांनाही हवंसं झालं आणि मुलीच्या बापांनाही. सांगली-मिरजेत पत्रिकेच्या आधी आकडा विचारायची पद्धत पडली होती.

उत्तरानं सगळे जुने नियम पाळले होते. म्हणून घरी जाताना तिच्या मनात एकच संशय वळवळत होता.

तिचा नवरा भरतेश याचा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. तासगावकडची द्राक्षं आणि बेदाणा त्याच्या खोक्यांतून परदेशी जाई. उत्तराच्या खात्यावरचं एक पुरवणी कार्ड त्याच्या पाकिटात असे.

"त्या कार्डावर तू काही उचललंस का?" जेवताना तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा असं ठरवूनही तो साधा राहिला नाही.

भरतेशचा घास हातातच राहिला. "काय उचलायचं?"

"माझा आकडा दीडशेनं पडलाय. मी काही केलेलं नाही. मग कोणी केलं?"

"गेल्या साली द्राक्षाचा हंगाम बुडाला, कामगारांचे पगार द्यायला माझ्याकडं दमडी नव्हती. तेव्हा तुझ्यापुढं हात पसरला का मी?" तो ताटावरून उठला, पाकिटातून कार्ड काढलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीनं त्याचे दोन तुकडे करून तिच्या ताटाशेजारी ठेवले. "घे. आता बघ चढतो का तुझा आकडा."

आकडा दुसऱ्या दिवशी आणखी उतरला.

मग भीती कशी पसरते ते उत्तरानं अनुभवलं. तिनं कार्ड वापरायचंच बंद केलं, तर आकडा जास्तच घसरला. पुन्हा वापरायला लागली, तरी थांबेना. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात ती फोन उघडून बघू लागली. भाजीवालीपाशी कार्ड काढताना आपल्याकडं कोणीतरी पाहतंय असं तिला वाटे. आणि घरात भरतेश तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

तिच्या घरामागच्या गल्लीत शिकलगारांचं तंतुवाद्यांचं दुकान होतं. त्यांची मुलगी झैनब पुण्याला तुलामानमध्येच नोकरीला होती. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून तिचा हात मोडला, तेव्हा उत्तरानंच तिला भूल दिली होती. चुलतभावाच्या लग्नाला झैनब आल्याचं कळलं तशी उत्तरानं तिला चहाला बोलावून घेतलं.

"काकू, कारण सांगायची आम्हाला परवानगी नाही," झैनब अवघडून म्हणाली. "आणि खरं सांगायचं तर यंत्र कारण देतच नाही, नुसता आकडा देतं."

"कंपनीचं काही सांगू नकोस. हे माझ्या कार्डाचं विवरण आहे, माझ्या फोनवरचं. एवढं बघ आणि तुला काय दिसतं ते सांग."

झैनबनं फोन घेतला. सुरुवातीला ती भराभर बोट फिरवत होती. मग बोट सावकाश फिरू लागलं. मध्येच मागं जाऊन तिनं काहीतरी पुन्हा पाहिलं.

"हे कार्ड तुम्हीच वापरता ना? दुसरं कोणी?"

"मीच."

"गाडी चार्ज केल्याचे पैसे इथं दोनदा गेलेत. नंतर तुम्हाला एकदाचे परत मिळालेत. पिन चुकलाय, इथं आणि इथं. या दुकानातून एकाच दिवशी सकाळी साखर घेतलीत आणि संध्याकाळीही."

"गडबडीत होतं असं. कोणाचं होत नाही?"

"सगळ्यांचं होतं." झैनबनं फोन खाली ठेवला. "काकू, यंत्राला शिकवताना आम्ही त्याला लाखो माणसांचे वर्षानुवर्षांचे व्यवहार दिले. एवढंच विचारलं, की यातल्या ज्यांनी पुढं बिलं बुडवली, ते आधी कसे वागत होते? बहुतेकांची गोष्ट सरळ होती. नोकरी गेली, व्यसन लागलं, कार्डावर कार्डं काढली. पण त्यात एक वेगळा गट निघाला. त्यांच्याकडं पैसे होते. तरी चार-पाच वर्षांनी त्यांची बिलं थकायला लागली. आणि त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हाताची लय बदललेली होती. दुकानातलं यंत्र 'पिन टाका' म्हणतं आणि आपण पहिला आकडा दाबतो, यात जो क्षण जातो ना, तोसुद्धा नोंदला जातो. त्यांचा तो क्षण लांबत गेला होता. तीच वस्तू पुन्हा घेणं वाढलं होतं. नवीन दुकानात जाणं कमी झालं होतं."

"आणि बिलं का थकली त्यांची?"

झैनबनं चहाचा कप बशीत नुसताच फिरवला.

"विसरले म्हणून," उत्तरा म्हणाली.

"मी डॉक्टर नाही, काकू. यंत्रही नाही. त्याला आजाराचं नावच माहीत नाही. झोप पुरेशी नसेल, थायरॉइड असेल, घरात कोणी गेलं असेल, तरी लय बिघडते. दहात चारदा ते साफ चुकतं."

"म्हणजे सहादा बरोबर येतं."

चहा तसाच राहिला होता. जाताना झैनब दारात थांबली. "तपासून घ्या, काकू. आमच्याकडं असे हजारो आकडे रोज उतरताना दिसतात. त्या माणसांना कोणी काही सांगत नाही. फक्त कर्ज नाकारतात."

त्या दुपारी उत्तरानं औषधांच्या मात्रा मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. सगळ्या आठवल्या. महाविद्यालयातल्या मैत्रिणींची नावं आठवली. मग काल रात्री काय जेवलो ते आठवेना. पण कालचं जेवण कोणाच्या लक्षात राहतं?

भरतेशला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्याचा रुसवा कुठल्या कुठं गेला. बराच वेळ तो तिचा हात हातात घेऊन बसला. पण तो धंद्यातला माणूस. घाबरला की त्याचे हात काम शोधत.

"कार्ड माझ्याकडं दे," तो म्हणाला. "पिन सांग. यापुढं तुझ्या कार्डावर सगळी खरेदी मी करणार. त्या यंत्राला काय कळतंय, हात कुणाचा आहे ते? त्याला लय पाहिजे ना? देऊया की लय."

"आणि तपासणी?"

"करूया की. आधी कर्ज हातात पडू दे. आत्ता तपासणी केलीस आणि बाहेर कळलं, तर रुग्णालय गेलंच म्हणून समज. आणि नसलंच काही, तर उगाच बोभाटा."

तिला हे पटायला नको होतं. पण पटलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं.

भरतेशनं काम चोख केलं. तो तिच्या कार्डावर किराणा आणी, पेट्रोल पंपाच्या जागी झालेल्या चार्जिंग केंद्रावर गाडी चार्ज करी, कधी सांगलीत नव्या दुकानात जाऊन तिच्यासाठी चप्पल घेई. पिन तो एका दमात दाबी. आकडा आधी थांबला. मग चढू लागला. रोज संध्याकाळी तो बूट काढता काढता ओरडून सांगे, "आज सहा वर!" आणि उत्तराला खरोखर बरं वाटे. आकडा चढतोय म्हणजे आपलं डोकं ताळ्यावर येतंय, असंच तिला वाटू लागलं. कार्ड नवरा वापरतोय हे माहीत असूनही वाटू लागलं. तिची झोप सुधारली. ती पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये गुणगुणू लागली.

पाटणकरांचा फोन आला. "अभिनंदन, मॅडम! सातशे ऐंशी. सोमवारी सह्या करून टाकू."

त्याच आठवड्यात एका सकाळी जयसिंगपूरची एक लहान मुलगी टेबलावर होती. हर्नियाची साधी शस्त्रक्रिया. मुलगी रडली नाही, उलट तोंडावर मास्क ठेवताना "मला वास येतोय स्ट्रॉबेरीचा" म्हणाली आणि झोपली. प्रतापनं चीर घेतली. उत्तरा मुलीच्या उशाशी बसून पडद्यावरच्या रेषा बघत होती. तिनं वेदनाशामकाची सिरिंज भरली आणि सलाइनच्या नळीला लावली.

"मॅडम, आणखी द्यायचंय?" सिस्टर रूथनं विचारलं.

"आणखी म्हणजे?"

"मघाशी दिलं की तुम्ही. चीर घ्यायच्या आधी."

उत्तरानं नोंद पाहिली. दिलं होतं. तिच्या नावापुढं वेळ होती, मात्रा होती. तिनं आठवायचा प्रयत्न केला. सिरिंज भरल्याचं, नळीला लावल्याचं, दट्ट्या दाबल्याचं. जिथं ती आठवण असायला हवी होती, तिथं काहीच नव्हतं. अंधुकसंसुद्धा नव्हतं. आठवण पुसली जाते तेव्हा डागही मागं राहत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"बरोबर," ती म्हणाली. "नको आता." सिरिंज तिनं काढून ट्रेमध्ये ठेवली. तिचा हात स्थिर होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्या वजनाच्या मुलीला दुसरी मात्रा गेली असती, तर शस्त्रक्रियेनंतर, श्वासाची नळी काढल्यावर, आईच्या कुशीत शेजारच्या खोलीत झोपलेली असताना तिचा श्वास मंद होत होत थांबला असता.

मुलगी नीट जागी झाली. तिनं आईसक्रीम मागितलं. उत्तरा कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसून राहिली. प्रताप हात पुसत आला तेव्हा ती तशीच होती.

"काय गं, बरं नाही का?"

"प्रताप, सोमवारी मी सही करणार नाही."

"पुन्हा आकडा पडला?"

"नाही. तो सातशे ऐंशी आहे. पण तो माझा नाही, भरतेशचा आहे." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. साखरेचं, झैनबचं, कार्डाचं, आणि शेवटी सिरिंजचं.

प्रतापचा चेहरा आधी अविश्वासानं आणि मग रागानं लाल झाला. "तुला झैनब भेटून दोन महिने झाले. दोन महिने तू माझ्या पेशंटांना भूल देतेस?"

"हो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"आकडा चढत होता," ती म्हणाली. बोलताना ते किती खुळचट वाटतं हे तिला ऐकू आलं. "मला वाटलं, मी बरी होतेय."

तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. दाराला एक लाथ घातली. मग तिच्या शेजारी येऊन धपकन बसला. त्याचे डोळे भरले होते. "उद्याच्या ऑपरेशनच्या लिस्टला मी दुसऱ्या कोणाला तरी सांगतो," तो म्हणाला. "आणि तू आजच जायचं, डोक्याच्या डॉक्टरांकडं. मी फोन करतो. आजच."

घरी भरतेशला मात्र हे उमजायला वेळ लागला. "एवढं चढवलं मी, आणि तू आपणहून सांगून आलीस?" तो म्हणाला. "सिस्टर होती की बघायला. काही झालं का? नाही ना झालं?"

"भरतेश, मला कार्ड परत दे."

"कशाला आता?"

"दोन महिने तू यंत्राला फसवत होतास असं वाटत होतं तुला. त्याला काय फरक पडला? फसले मी."

पाकिटातून कार्ड काढून त्यानं टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. उत्तरा मागं गेली आणि त्याच्या शेजारी कठड्याला टेकून राहिली.

रक्ताची तपासणी झाली, मेंदूचं चित्र काढलं गेलं. शंका खरी निघाली. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात होती, अगदी सुरुवात. "इतक्या लवकर सहसा कोणी येतच नाही," मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले. "घरची माणसं आणतात तेव्हा निम्मी वाट सरलेली असते. नवीन औषध आहे, महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं. गेलेलं परत येत नाही. उतरण मात्र थोपवता येते, काहींची. तुमची थांबतेय की नाही हे पुढच्या चित्रात कळेल. त्याला सहा महिने जाऊ द्यावे लागतील."

सहा महिने काही न कळता बसायचं. प्रतापनं रुग्णालयासाठी दुसरा भागीदार शोधला. तसं तिनंच त्याला बजावलं होतं. ऑपरेशन थिएटर सुटलं. दिवस मोठा झाला. आणि त्या मोकळ्या दिवसांत एका सकाळी उत्तराच्या लक्षात आलं, की आपल्यात काय चाललंय ते रोज सांगणारं एक यंत्र जगात आहे.

ती पुन्हा स्वतःच्या हातानं कार्ड वापरू लागली. आकडा धाडकन खाली आला, सहाशेवीसच्या घरात. भरतेश बरोबर येई, पण पिशवी धरण्यापलीकडं काही करायचं नाही असं तिनं त्याला बजावलं होतं. ती पिनसाठी थबकली की तो दुसरीकडं बघे.

तोच बँकेचं पत्र आलं: पत खालावल्यामुळं आपलं क्रेडिट कार्ड बंद करण्यात येत आहे. ते वाचून उत्तराला रडू फुटलं. कर्ज गेलं तेव्हा ती रडली नव्हती.

भरतेश एकटाच पाटणकरांकडं गेला. तिथं त्याला समजलं, की पत नसलेल्याला बँक ठेव तारण ठेवून कार्ड देते. तेवढ्याच मर्यादेचं, पण त्याची खबर तुलामानला जातेच. कारखान्यात नवं छपाई यंत्र घ्यायला त्यानं एक ठेव जमवलेली होती. ती त्यानं पत्नीच्या नावानं तारण लिहून दिली.

"छपाईचं काय?" तिनं विचारलं.

"बिनछपाईचीही खोकी जातात की," तो म्हणाला.

तिसरं सलाइन झाल्यावर एकदा दोघं बाजारात गेले. फळवाल्याकडून तिनं डाळिंबं घेतली. त्याच्या यंत्रानं पिन मागितला. उत्तरा थांबली. मागं उभ्या असलेल्या माणसानं उसासा टाकला. तिनं डोळे मिटून आकडे एकेक करून मनाशी म्हटले आणि मग दाबले. यंत्र वाजलं.

चार पावलं पुढं जाऊन तिनं फोन उघडला. तिनं बराच वेळ पडद्याकडं पाहिलं, मग फोन भरतेशपुढं धरला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"चढला नाही," तो हळूच म्हणाला.

"मागच्या महिन्याचा बघ."

त्यानं बोटानं पडदा सरकवला. गेला महिनाभर रेघ आडवी गेली होती, कुठं एक वर, कुठं एक खाली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"उत्तरा," तो म्हणाला, "अगं, उतरलाही नाही."

तिनं त्याच्या दंडाला धरलं. भर बाजारात, डाळिंबांची पिशवी मध्ये घेऊन, दोघं तशीच उभी राहिली, आणि येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जाऊ लागले.